एकच पुस्तक वाचणाऱ्यांसाठी जिऑलॉजीचं पुस्तक

गेले तीन आठवडे टेबलावर सात जाडजूड पुस्तकं पडून आहेत आणि सोमवारपर्यंत मला त्यातल्या एकाचं नाव द्यायचंय. पुढच्या सेमिस्टरला मी जो जिऑलॉजीचा पेपर शिकवणार आहे तो सायन्सच्या मुलांसाठी नाहीये. इतिहास, इकॉनॉमिक्स, अकाउंट्स, साहित्य, जर्नालिझम अशा विषयांची मुलं असतात, कुठलातरी एक सायन्सचा पेपर घ्यावाच लागतो म्हणून बरीचशी आलेली असतात, आणि यातल्या बहुतेकांसाठी हे जिऑलॉजीचं पहिलं आणि शेवटचं पुस्तक असणार. याचं मला खरंच दडपण येतं. पुढे जिऑलॉजिस्ट होणाऱ्या मुलाच्या हाती एखादं पुस्तक चुकीचं पडलं तर नंतर दहा चांगली पडतील, या मुलांचं तसं नाही, जे काय डोक्यात जाईल ते याच एका पुस्तकातून. म्हणून यावेळी नुसती अनुक्रमणिका चाळून नाव देऊन टाकायचं नाही असं ठरवलं आणि सातही वाचायला घेतली.

पहिल्यांदा हा पेपर माझ्याकडे आला तेव्हा मी ज्या पुस्तकावर स्वतः शिकले होते तेच लावलं. पुस्तक चांगलंच आहे, आजही मला आवडतं. पण त्यात दुसऱ्या चॅप्टरला अणू आणि त्यांचे बंध, तिसऱ्याला सिलिकेटच्या रचना, मग खनिजांचं वर्गीकरण, मग अग्निज खडकांचं वर्गीकरण, असं करत अर्धं सेमिस्टर संपलं तरी भूकंप, नद्या, काळ यातलं काहीच आलं नव्हतं. मुलं पाठ करत होती, मार्कही पडत होते, तक्रार कुणाचीच नव्हती. मग एक दिवस पृथ्वीच्या आतले थर फळ्यावर काढत होते आणि मागच्या बाकावरून इतिहासाची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिथे कुणी गेलेलं नाही ना, मग हे कळलं कसं?"

प्रश्न अगदी रास्त होता. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक म्हणजे रशियातलं कोला, ते १२ किलोमीटरच्या थोडंसं पुढे गेलं आणि थांबलं, आणि पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे ६,३७१ किलोमीटर. मी लगेच आमचं पुस्तक उघडून बघितलं तर तिथे बाह्य गाभा द्रव आहे, अंतर्गाभा घन आहे, एवढी दोन वाक्यं आणि एक रंगीत चित्र. कसं कळलं याबद्दल एक ओळ नाही. मग त्या दिवशी तास बाजूला ठेवून भूकंपाच्या लहरींची गोष्ट सांगितली, की पी लहरी घनातून आणि द्रवातून दोन्हीतून जातात पण एस लहरी द्रवातून जातच नाहीत, म्हणून मोठा भूकंप झाला की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला एस लहरी पोचत नाहीत, तिथे त्यांची सावली पडते, आणि त्या सावलीच्या मापावरून आत द्रवाचा गोळा आहे आणि तो केवढा आहे हे काढता येतं. आणि मग डेन्मार्कच्या इंगे लेमन यांनी १९३६ साली दाखवलं की जिथे पी लहरींचीही सावली असायला हवी तिथे काही क्षीण पी लहरी तरीही पोचतायत, म्हणजे गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असला पाहिजे. मी बोलायची थांबले तेव्हा वर्गात कुणी वही मिटली नव्हती. नंतरच्या पेपरात त्या मुलीने जे लिहिलं ते अजून माझ्या लक्षात आहे, तिने लिहिलं होतं की इतिहासातसुद्धा आम्ही असंच करतो, जे समोर नाही ते उरलेल्या खुणांवरून काढतो.

तेव्हापासून पुस्तक हातात आलं की मी पहिलं हे बघते. कुठलंही पान उघडायचं, त्यावर जे विधान असेल त्याच्यापुढे "कसं कळलं?" हा प्रश्न ठेवायचा आणि उत्तर त्याच पानावर किंवा मागच्यापुढच्या पानावर आहे का बघायचं. सातातल्या तीन पुस्तकांत ते जवळजवळ कधीच सापडलं नाही. ती तिन्ही दिसायला फार सुंदर आहेत, गुळगुळीत पानं, मोठे फोटो, पण सगळं कसं आहे ते सांगतात आणि पुढे जातात. ती पहिल्याच आठवड्यात बाजूला झाली.

दुसरी माझी परीक्षा म्हणजे ते पृथ्वी कापून दाखवलेलं चित्र. हे चित्र प्रत्येक पुस्तकात असतं आणि बहुतेकांत प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधला जाड थर, लालभडक नाहीतर केशरी रंगवलेलं असतं, वर पातळसा तपकिरी थर आणि खाली सगळी आग. बघणाऱ्याला वाटणार काय? की आपण लाव्हाच्या समुद्रावर तरंगतोय आणि कुठे भोक पडलं की तो वर येतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी तरी हे पेपरात लिहिलंय आणि त्यांची काही चूक नाही, चित्रच तसं होतं. खरं तर प्रावरण म्हणजे घन खडक आहे, एस लहरी त्यातून आरामात जातात हाच त्याचा पुरावा, तो खडक लाखो वर्षांच्या हिशोबाने अतिशय सावकाश वाहतो एवढंच. वितळलेला खडक काही ठराविक ठिकाणीच तयार होतो, एक तर समुद्रतळावरच्या पर्वतरांगांखाली जिथे खालचा गरम खडक वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, किंवा जिथे एक प्लेट (पृथ्वीच्या वरच्या कडक थराचा मोठा तुकडा) दुसरीखाली जाते आणि तिच्यातलं पाणी वरच्या खडकात शिरून त्याचा वितळण्याचा बिंदू खाली आणतं, आणि हवाईसारख्या काही जागा. हे एकदा समजलं की ज्वालामुखी नकाशावर असे ओळीने का आहेत हे आपोआप सुटतं, आणि नाही समजलं तर पुढचं सगळं नुसतं पाठांतर. म्हणून ज्या पुस्तकात चित्राशेजारी स्पष्ट लिहिलंय की हा रंग तापमान दाखवतो, प्रावरण घन आहे, त्याला माझ्याकडून मोठा मान. त्यात परत कवचाची जाडी प्रमाणात नसते ती नसतेच. पृथ्वीची त्रिज्या कागदावर १० सेंटिमीटर घेतली तर खंडांखालचं साधारण ३५ किलोमीटरचं कवच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे पेन्सिलच्या एका रेघेएवढं. एका पुस्तकाने हे वाक्यात सांगितलंय आणि शेजारी तशी रेघ काढूनही दाखवलीय. किती साधी गोष्ट आहे, पण बाकी सहा जणांना नाही सुचली.

फोटोंबद्दल थोडक्यात सांगते. फोटोत काहीतरी मापाला हवं, हातोडी, पेन, माणूस, काहीही. मागे एकदा वळ्या पडलेल्या खडकाचा एक देखणा फोटो दाखवला होता, माप नव्हतं, तर अर्ध्या वर्गाला तो डोंगराचा कडा वाटला आणि अर्ध्यांना मुठीत मावणारा दगड, आणि वाद मिटवायला माझ्याकडेही काही नव्हतं कारण पुस्तकात लिहिलंच नव्हतं.

आता काळ. माझ्या मते या मुलांसाठी सगळ्या पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा चॅप्टर हाच, बाकी सगळं विसरले तरी चालेल पण पृथ्वीचा काळ केवढा आहे आणि तो मोजला कसा हे आत गेलं पाहिजे. म्हणून उरलेल्या चार पुस्तकांतून हा चॅप्टर काढून शेजारी शेजारी ठेवला आणि प्रत्येकात सिकार पॉइंट शोधला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची ही जागा, १७८८ साली जिऑलॉजिस्ट जेम्स हटन आणि त्याचे दोन साथीदार, जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल, होडीतून तिथे गेले होते. खाली करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर लाल वालुकाश्माचे थर थोडेसे कलते, बस, दिसायला एवढंच. पण विचार करा. करडे थर समुद्राच्या तळाशी गाळ साचून आडवेच बनले असणार. मग ते दबून खडक झाले, मग जमीन वळली आणि ते उभे झाले, वर आले, मग त्यांची डोकी झिजून सपाट झाली, आणि मग त्या सपाटीवर नद्यांनी नवी वाळू आणून टाकली आणि तिचाही खडक झाला, आणि मग ते सगळंच परत थोडं कललं, उचललं गेलं, झिजलं. आज आपल्याला माहितीये की खालचे थर सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचे आणि वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे. हटनकडे यातला एकही आकडा नव्हता, त्याने नुसत्या थरांकडे बघून ओळखलं की याला लागलेला काळ आपल्या कल्पनेत मावणारा नाही.

चारातल्या एका पुस्तकात यासाठी फक्त "कोनीय विसंगती" अशी ठळक अक्षरात व्याख्या आहे, एक रेखाचित्र आहे आणि खाली फोटो. दुसऱ्यात फोटो आधी आहे, अख्ख्या पानाचा, आणि खाली प्रश्न आहे की इथे आधी काय झालं असेल, आणि पान उलटलं की पायरी पायरीने चित्रं आणि सगळ्यात शेवटी तो शब्द. गेल्या वर्षी हा पेपर घेतलेल्या तीन मुलांना मी बोलावलं, म्हटलं ही दोन्ही घरी न्या, हे दोन चॅप्टर वाचा आणि उद्या पुस्तक न उघडता मला सांगा. पहिल्या पुस्तकातून त्यांना शब्द आठवला, अर्थ अर्धवट. दुसऱ्याबद्दल विचारलं तर अकाउंट्सचा एक मुलगा बोलायच्या आधी माझ्या टेबलावरच्या वह्या उचलायला लागला, चार वह्या पुस्तकांमध्ये दाबून उभ्या केल्या, त्यांच्यावर एक वही आडवी ठेवली, आणि उभ्या आणि आडव्या वह्या जिथे टेकल्या होत्या तिथे बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, साडेसहा कोटी वर्षं इथे आहेत, या फटीत." त्याला तो शब्द आठवत नव्हता. मला त्याची अजिबात फिकीर वाटली नाही.

या चॅप्टरमध्ये आणखी एक तपासते, कार्बन डेटिंग. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटतं की खडकांचं वय कार्बनने काढतात. कार्बन-१४चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा मोडून जायला लागणारा वेळ, ५,७३० वर्षं, साधारण ५० हजार वर्षांच्या मागे त्याचा काही उपयोग नाही, आणि तेसुद्धा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींसाठी. खडकांना युरेनियमसारखं फार सावकाश मोडणारं काहीतरी लागतं, युरेनियम-२३८चं अर्धायुष्य जवळजवळ ४४७ कोटी वर्षं आहे आणि ते मोडत मोडत शेवटी त्याचं शिसं होतं. चांगलं पुस्तक हा गैरसमज नाव घेऊन खोडतं. आणि अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनची हकीकत तर या मुलांसाठी सोन्यासारखी आहे. उल्कापाषाणातलं शिसं मोजून त्याने १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असं प्रसिद्ध केलं, पण ते मोजताना त्याच्या नमुन्यांत बाहेरून इतकं शिसं मिसळत होतं की आधी प्रयोगशाळा कमालीची स्वच्छ करावी लागली, आणि हे शिसं येतंय कुठून याच्या मागे लागल्यावर तेव्हा पेट्रोलमध्ये घातलं जाणारं शिसं सगळीकडे पसरलंय हे त्याच्या लक्षात आलं आणि पुढची कितीतरी वर्षं तो त्याविरुद्ध लढला. उल्केच्या वयापासून गाडीच्या धुरापर्यंत, आणि मधे कुठे सांधा बदलल्यासारखं वाटतही नाही. उद्या वर्तमानपत्रात किंवा मंत्रालयात काम करणाऱ्या मुलाला हे माहीत असायला नको का?

प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे या प्लेट कशा सरकतात ते, कुठे ठेवलंय यावरून पुष्कळ मतभेद असतात. मला ते सुरुवातीलाच हवं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या चॅप्टरला, कारण मग खनिजंसुद्धा कुठेतरी जोडली जातात. आणि ते वादासकट हवं. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगनरने खंड सरकतात हे १९१२ साली मांडलं, किनारे जुळतात, जीवाश्म जुळतात, जुन्या हिमनद्यांच्या खुणा जुळतात, सगळं दाखवलं, पण ढकलतं कोण याचं उत्तर पटणारं नव्हतं म्हणून बहुतेकांनी नाकारलं. मग नकाशे काढणाऱ्या अमेरिकेच्या मरी थार्पने समुद्राच्या खोलीचे आकडे कागदावर उतरवताना अटलांटिकच्या मधल्या रांगेच्या माथ्यावर दरी शोधली, आणि तिच्या सहकाऱ्यानेच ते आधी मानलं नाही. नंतर भूकंपांच्या जागा नकाशावर मांडल्या तर त्या नेमक्या त्या दरीवर येत होत्या. १९६३ ला व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, की रांगेपाशी नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकतोय, आणि साठचं दशक संपता संपता चित्र उलटलं. विज्ञान मत कसं बदलतं, आणि एवढं उशिरा का बदलतं, हे बघायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. जे पुस्तक "वेगनरचं बरोबर होतं, लोकांचं चुकलं" एवढ्यावर उरकतं त्यावर मी नाराज असते, कारण तेव्हा शंका घेणाऱ्यांकडेही कारणं होती.

आणि गणित काढून टाकू नका! सायन्सची मुलं नाहीत म्हणून आकडे नकोत, असं समजून लिहिलेली पुस्तकं मुलांना कमी लेखतात. अकाउंट्सच्या मुलाला गुणाकाराची भीती कशाला वाटेल? अटलांटिक वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर रुंदावतोय, तर १० कोटी वर्षांत किती, २,५०० किलोमीटर, हे गणित स्वतः करून बघितलेलं मूल ते विसरत नाही. भूकंपाच्या मॅग्निट्यूडमध्ये एका अंकाने वाढ म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट, दोन अंकांनी म्हणजे हजार पट, तेव्हा बातमीत ६ आणि ८ शेजारी छापलेले असतात त्यांत केवढं अंतर आहे ते कळतं. सगळ्यात मोलाचं मला पुराचं गणित वाटतं. "शंभर वर्षांचा पूर" म्हणजे एकदा आला की आता शंभर वर्षं निवांत, असं भल्याभल्या माणसांना वाटतं. त्याचा अर्थ आहे दरवर्षी १ टक्का शक्यता. घर घेऊन ३० वर्षं तिथे राहिलात तर त्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. हे इकॉनॉमिक्सच्या मुलांनी माझ्याआधी वहीत काढलं होतं.

उपयोगाचे चॅप्टर म्हणजे पूर, दरडी, भूजल, ते बहुतेक पुस्तकांत शेवटी ढकललेले असतात आणि सेमिस्टर तिथपर्यंत पोचत नाही. पण या मुलांपैकी कुणी बँकेत कर्ज मंजूर करेल, कुणी प्रकल्पाच्या फाइलवर सही करेल, त्यांना हेच लागणार आहे. इटलीतल्या वायोंत धरणाचं उदाहरण ज्या पुस्तकात नीट आहे ते मी दोनदा वाचलं. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री धरणाच्या जलाशयात डोंगराची अख्खी बाजू घसरून आली, सुमारे २७ कोटी घनमीटर खडक, पाणी धरणावरून उसळलं आणि खालच्या गावांतली जवळजवळ २,००० माणसं गेली. धरण जागेवर उभंच राहिलं, आजही आहे. चुनखडीच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ थर होते, जलाशयाची पातळी वर गेली की डोंगर जास्त सरकायचा, आणि तो सरकतोय हे आधी काही वर्षं मोजलं जात होतं. मोजलं जात होतं हे वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

बाकी गोष्टी पटकन. ठळक अक्षरातले शब्द मोजा, एका पुस्तकात एकाच पानावर ११ सापडले, त्यातले पुढे परत किती वापरलेत बघितलं तर तीन. एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून बघा, धाप लागली तर ज्यांची ती घरची भाषा नाही त्यांचं काय होत असेल. नवी एडिशन आली म्हणून जुनी टाकायची गरज नसते, मी दोन एडिशन पानोपान ताडून बघितल्या, चॅप्टरांचे क्रम आणि फोटो बदलले होते, मजकूर बहुतांश तोच. आणि मोफत मिळणारी खुली पुस्तकं खरोखर चांगली आहेत, स्टीव्हन अर्ल यांचं 'फिजिकल जिऑलॉजी' २०१५ साली कॅनडातल्या बीसीकॅम्पस या संस्थेकडून आलं, २०१९ ला दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्याचा परवाना असा आहे की लेखकाचं श्रेय देऊन हवे ते चॅप्टर घ्या, बदला, क्रम फिरवा. उदाहरणं बरीचशी पश्चिम कॅनडातली आहेत, तिथे शिकवणाऱ्याला आपली घालावी लागतात, ती घालायची मोकळीकही आहेच.

तर नाव ठरलंय. ज्यात फोटो आधी आणि शब्द शेवटी आहे तेच. त्यात खनिजांचा चॅप्टर अगदीच बारीक आहे, माझे दोन सहकारी यावर नक्की बोलणार आहेत, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही, म्हणून खनिजांचे दोन तास मी प्रत्यक्ष नमुने हातात देऊन घेणार आहे, काचेवर ओरखडे काढून, चुनखडीवर आम्लाचा थेंब टाकून. भूजलाचा चॅप्टरही पुरेसा नाही, तो खुल्या पुस्तकातून घेऊन जोडतेय, आज रात्री त्यातली उदाहरणं बदलायला बसायचंय. आणि पहिला तास चॅप्टर एकने नाही तर आठव्यातल्या त्या फोटोने सुरू करायचा, वर्गात जाताना चार-पाच वह्या बरोबर न्यायच्या.